टीकिंटरमध्ये मेन्यूच्या पोटात मेन्यू: गुंता नेमका कुठे होतो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांच्या कृषी सेवा केंद्रासाठी तुम्ही पायथन आणि टीकिंटर (पायथनमध्ये खिडक्या, बटणं, मेन्यू बनवायची लायब्ररी) वापरून ग्राहक-नोंदीचा आणि उधारीचा प्रोग्रॅम लिहिताय. वरच्या पट्टीत ‘फाईल’, त्यात ‘अलीकडच्या फायली’ आणि त्यात पाच-सहा नावं, असा मेन्यूतला मेन्यू हवा आहे. शिवाय ‘गाव निवडा’ नावाचा आणखी एक मेन्यू हवा आहे, त्यात आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. तक्रारी तीन आहेत. ‘अलीकडच्या फायली’ हे नाव दिसतं पण त्यावर गेलं की आत काहीच उघडत नाही, आणि एररही येत नाही. तो कोड बदलून यादी कशीबशी उघडली, तर कुठल्याही नावावर क्लिक करा, शेवटचीच फाईल उघडते. आणि प्रत्येक मेन्यूच्या डोक्यावर एक तुटक रेषा बसलेली आहे, ती जात नाही. शेवटी विचारलंय की त्यापेक्षा पायक्यूटीकडे, म्हणजे याच कामाच्या दुसऱ्या लायब्ररीकडे, वळू का.

मेन्यूत मेन्यू टाकायचं काम दोन ओळींचं आहे आणि तुम्ही ते जवळजवळ बरोबर केलंय. अडलंय ते दुसरीकडे: कुठला मेन्यू कोणाचा, आणि तुम्ही दिलेलं फंक्शन नेमकं कधी चालतं, या दोन गोष्टींत. चौथी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला तीच सगळ्यात मोठी वाटते. गाव निवडणं हे मुळात मेन्यूचं काम आहे का? त्याकडे शेवटी येतो. काही उत्तरं तुमच्या मशीनवर अवलंबून आहेत, कारण विंडोज, मॅक आणि लिनक्सवर टीकेचे (टीके म्हणजे टीकिंटर ज्याच्यावर उभं आहे ते मूळ टूलकिट) मेन्यू सारखे वागत नाहीत. दुकानात विंडोज आहे असं धरून लिहितो, फरक पडेल तिथे सांगेन. फंक्शनांची नावं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच मूळ स्पेलिंग.

आधी रचना. टीकेमध्ये मेन्यू हे विजेटच (खिडकीतला एक घटक) आहे, पण बटणासारखं ते पॅक किंवा ग्रिड करून जागेवर बसवायचं नसतं. वरची पट्टी हाही एक मेन्यू, तो विंडोच्या ‘मेन्यू’ या पर्यायाला जोडायचा. ‘फाईल’ हा दुसरा मेन्यू. पट्टीत ॲड-कॅस्केडने एक नोंद टाकायची, तिला लेबल द्यायचं ‘फाईल’ आणि तिच्या ‘मेन्यू’ पर्यायात हा दुसरा मेन्यू द्यायचा. ‘अलीकडच्या फायली’ हा तिसरा मेन्यू, तो ‘फाईल’मध्ये पुन्हा ॲड-कॅस्केडनेच जातो. पातळी कितवीही असली तरी कृती हीच.

आता तुमची ती ओळ बघा. तुम्ही एकाच ओळीत मेन्यू तयार केलाय, त्याच दमात डॉट देऊन त्यावर ॲड-कमांड चालवलंय आणि आलेलं उत्तर ‘रीसेंट’ या नावात ठेवलंय. ॲड-कमांड काहीही परत देत नाही, म्हणजे ‘नन’ देतं. त्यामुळे ‘रीसेंट’मध्ये मेन्यू नाहीच, ‘नन’ आहे. मग ॲड-कॅस्केडला तुम्ही ‘मेन्यू बरोबर नन’ असं सांगितलं. इथे एरर यायला हवी होती असं तुम्हाला वाटणार, पण टीकिंटर ज्या पर्यायाची किंमत ‘नन’ आहे तो पर्याय गुपचूप गाळून टाकतं आणि उरलेलं टीकेकडे पाठवतं. नोंद झाली, लेबल दिसलं, पोटात मेन्यूच नाही. मेन्यू एका ओळीत तयार करा, नोंदी पुढच्या ओळींत टाका, हा प्रश्न तिथेच मिटतो. बटण तयार करताना त्याच ओळीत पॅक करणारे सगळे याच खड्ड्यात कधी ना कधी पडतात.

तुमचे सगळे मेन्यू ‘रूट’ला, म्हणजे मुख्य खिडकीला, पालक मानून तयार झालेत, तेही बदला. टीकेच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय की कॅस्केडला जोडलेला मेन्यू ज्या मेन्यूत तो बसतो त्याचाच अपत्य असला पाहिजे. ‘रूट’चा अपत्य ठेवूनही बऱ्याचदा चालून जातं, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण चालून जाणं आणि चालणं यात फरक आहे, विशेषतः तोच प्रोग्रॅम दुसऱ्याच्या मशीनवर द्यायचा असेल तेव्हा. ‘अलीकडच्या फायली’चा पालक ‘फाईल’, ‘फाईल’चा पालक वरची पट्टी, आणि फक्त पट्टीचा पालक ‘रूट’.

तुटक रेषा म्हणजे टेअर-ऑफ. टीके हे जॉन आउस्टरहाउट यांनी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना युनिक्ससाठी लिहिलं. त्या काळच्या युनिक्सवर मेन्यू फाडून वेगळी छोटी खिडकी करून बाजूला ठेवायची सोय असायची. त्या रेषेवर क्लिक करून बघा, मेन्यू सुटा होऊन तरंगायला लागेल. आज ते कोणालाच नको असतं. एकेक मेन्यूत टेअर-ऑफ शून्य करत बसण्यापेक्षा ‘रूट’ तयार झाल्या झाल्या ऑप्शन-ॲड वापरून ‘टेअर-ऑफ’ सगळ्यांसाठी बंद करा. नाव असं लिहायचं: आधी तारांकन, मध्ये डॉट नाही, मग लगेच टेअर-ऑफ हा शब्द, त्यातला ‘ओ’ मोठा; आणि किंमत फॉल्स. ही ओळ पहिला मेन्यू तयार होण्याच्या आधी आली पाहिजे, नंतर दिली तर आधीचे मेन्यू तसेच राहतात. रेषा दिसायला वाईट हा तोटा किरकोळ आहे. खरा त्रास असा की ती रेषा मेन्यूतली शून्याव्या क्रमांकाची नोंद धरली जाते, त्यामुळे तुमच्या नोंदी एकपासून सुरू होतात आणि क्रमांकाने एखादी नोंद बंद करायला गेलात तर भलतीच बंद होते.

आता शेवटचीच फाईल उघडण्याचं कोडं. तुम्ही लूपमध्ये प्रत्येक फाईलसाठी एक लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) दिलाय आणि त्यात लूपचा ‘पाथ’ वापरलाय. लॅम्डा तयार होताना ‘पाथ’ची किंमत त्याच्या आत जात नाही. तो फक्त ‘पाथ’ हे नाव लक्षात ठेवतो आणि क्लिक होईल तेव्हा जाऊन बघतो की त्या नावात आत्ता काय आहे. फळ्यावर लिहिलेल्या नावासारखं आहे हे: सहा जणांना ‘फळ्यावरचं नाव वाचा’ सांगितलं आणि ते वाचायला आले तेव्हा फळ्यावर शेवटचंच नाव उरलेलं. लूप संपल्यावर ‘पाथ’मध्ये सहावी फाईल आहे, त्यामुळे सहाही लॅम्डा तीच उघडतात. उपाय दोन. लॅम्डाला ‘पाथ बरोबर पाथ’ असा डिफॉल्ट आर्ग्युमेंट द्या, डिफॉल्टची किंमत लॅम्डा तयार होतानाच ठरते. किंवा फंकटूल्समधलं पार्शल वापरा, ते फंक्शनला किंमत आधीच बांधून देतं. मी पार्शल वापरतो, कारण सहा महिन्यांनी कोड उघडल्यावर ‘पाथ बरोबर पाथ’ हे बघून कोणीतरी ‘हे उगाच लिहिलंय’ म्हणून काढून टाकतो. याचाच उलटा भाऊ म्हणजे कमांडमध्ये फंक्शनचं नाव देताना कंस लावणं. कंस लावला की फंक्शन मेन्यू बांधतानाच चालतं, प्रोग्रॅम उघडताक्षणी फाईल निवडायची खिडकी समोर येते आणि नंतर क्लिकला काहीच होत नाही. नाव द्यायचं, कंस नाही.

इथपर्यंत तुमच्या तक्रारी संपल्या. पण तुमचा मेन्यूचा कोड आत्ताच शंभरेक ओळींचा झालाय आणि त्यात ‘एम वन’, ‘एम टू’, ‘एम टू ए’ अशी नावं आहेत. पुढचा त्रास इथून येणार. मेन्यू हे एक झाड आहे, तर ते झाड माहिती म्हणून एका जागी लिहा आणि बांधायचं काम एकाच फंक्शनला द्या. तुमच्या प्रोग्रॅमसाठी मी असं मांडलं असतं:

फाईल
    नवीन वर्ष उघडा
    अलीकडच्या फायली
        (चालू असताना भरायचं)
    (रेघ)
    बाहेर पडा
नोंदी
    नवा ग्राहक
    उधारी
        जमा
        वसुली
        माफ
पाहा
    अक्षरांचा आकार
        लहान
        मध्यम
        मोठा

पायथनमध्ये ही सरळ यादी होते. प्रत्येक नोंद म्हणजे दोन गोष्टींची जोडी: लेबल आणि ‘काय’. ‘काय’ हे फंक्शन असेल तर ती कमांड, पुन्हा यादी असेल तर सबमेन्यू, लेबलच नसेल तर रेघ. आणि बांधणारं फंक्शन स्वतःलाच हाक मारतं:

मेन्यू_भर (मेन्यू, नोंदी):
    एकेक जोडी घे: लेबल, काय
        लेबल नसेल तर ॲड-सेपरेटर
        ‘काय’ यादी असेल तर
            पोटमेन्यू तयार कर, पालक = हाच मेन्यू
            मेन्यू_भर (पोटमेन्यू, काय)
            हाच मेन्यू: ॲड-कॅस्केड (लेबल, पोटमेन्यू)
        नाहीतर ॲड-कमांड (लेबल, काय)

बस. पायथनमध्ये हे दहा-बारा ओळींत मावतं. पालक नेहमी बरोबर बसतो, कारण तो हाताने लिहायचाच नाही. ‘नन’चा घोळ होत नाही, कारण मेन्यू तयार करणारी ओळ संपूर्ण प्रोग्रॅममध्ये एकच आहे. (जाता जाता: पायथन ३ मध्ये ‘पोटमेन्यू’ हे व्हेरिएबलचं नाव देवनागरीत लिहिलं तरी खरंच चालतं. तरी लिहू नका, कळफलक बदलत राहावा लागतो.)

या मांडणीचा खरा फायदा दुकानात कळेल. तुम्ही लिहिलंय की काउंटरवर एक कामगारही प्रोग्रॅम वापरणार आहे. ‘उधारी माफ’ त्याच्या हाती नको. झाड माहितीत असेल तर लॉगिननंतर त्यातून ती नोंद गाळायची आणि उरलेलं झाड बांधायला द्यायचं, मेन्यूच्या कोडला हातच लावायचा नाही. इथे माझा एक नियम आहे. जे त्या माणसाला कधीच करता येणार नाही ते मेन्यूत दाखवायचंच नाही. जे आत्ता करता येत नाही पण थोड्या वेळाने येईल, म्हणजे ग्राहक निवडलेला नसताना ‘वसुली’, ते दिसू द्यायचं पण करडं. नोंदी सारख्या गायब-हजर होत राहिल्या तर हाताला लागलेली सवय मोडते. काउंटरवरचा माणूस मेन्यू वाचत नाही, ‘वरून तिसरं’ असं लक्षात ठेवतो.

करडं करायला एंट्री-कॉन्फिग आहे. त्याला क्रमांक देता येतो किंवा लेबल. लेबल सोयीचं वाटतं, पण ते शब्दशः जुळवलं जात नाही. टीके त्याला नमुना समजतं, ज्यात तारांकन, प्रश्नचिन्ह, चौकटी कंस यांना विशेष अर्थ असतो. ‘ग्राहक शोधा?’ असं लेबल ठेवलंत तर शेवटचं प्रश्नचिन्ह म्हणजे ‘कुठलंही एक अक्षर’. आणि लेबल नुसता आकडा असेल तर तो क्रमांक धरला जातो, म्हणून ‘२०२४’सारखी लेबलं इंग्रजी आकड्यांत असतील तर तो रस्ता सोडा. मी बांधतानाच एक डिक्शनरी भरतो: माझं स्वतःचं एक न बदलणारं नाव, त्यासमोर कुठला मेन्यू आणि कितवी नोंद. अट एवढीच की नंतर मधेच नोंद घुसवायची नाही. बदलायचं असेल तर तो सबमेन्यू पूर्ण रिकामा करून पुन्हा भरायचा.

‘अलीकडच्या फायली’ नेमकं तसंच करा. डिलीट शून्यापासून ‘एंड’पर्यंत, मग नव्याने ॲड-कमांड. हे कधी करायचं? टीकेमध्ये पोस्ट-कमांड नावाची सोय आहे, मेन्यू उघडण्याच्या क्षणाआधी ते फंक्शन चालतं. मोहात पडण्यासारखी सोय आहे. पण विंडोज आणि मॅकवर त्या त्या सिस्टिमच्या मर्यादेमुळे मेन्यूच्या अख्ख्या झाडातली सगळी पोस्ट-कमांड कुठलाही मेन्यू दिसण्याआधीच चालतात, असं टीकेचा दस्तऐवज सांगतो. तुम्ही तीन सबमेन्यूंना डेटाबेसमधून यादी आणणारी पोस्ट-कमांड लावली, तर नुसतं ‘फाईल’वर क्लिक केलं तरी तिन्ही चौकश्या आधी होणार आणि मेन्यू अडखळणार. सहा फायलींची यादी तर फाईल उघडली की बदलते, एरवी नाही. तेव्हाच भरा. यादी रिकामी असेल तर आत ‘काही नाही’ अशी करडी ओळ टाकण्यापेक्षा ‘फाईल’मधली ती कॅस्केडची नोंदच करडी करा, माणूस उगाच आत जात नाही.

‘अक्षरांचा आकार’ ह्या सबमेन्यूत रेडिओ नोंदी लागतील, म्हणजे एका वेळी एकच निवडता येईल अशा. त्या तिन्हींना एकच स्ट्रिंग-व्हार (टीकिंटरचा, मजकूर ठेवणारा व्हेरिएबल) द्या. तो फंक्शनच्या आत साध्या नावात ठेवू नका, वर्गाच्या ‘सेल्फ’वर ठेवा. फंक्शन संपलं की पायथन तो व्हेरिएबल टाकून देतं, टाकताना टीकिंटर टीकेच्या बाजूचा व्हेरिएबलही पुसतं, आणि मेन्यू उघडल्यावर ‘मध्यम’समोरचा ठिपका गायब. चित्रं लावलीत तर त्यांचंही असंच होतं.

आता कळफलकाचे शॉर्टकट. ॲक्सिलरेटर या पर्यायात ‘कंट्रोल अधिक ओ’ लिहिलं की मेन्यूत उजवीकडे ते छान दिसतं, पण फक्त दिसतं. कळ दाबल्यावर काही व्हायचं तर बाइंड (कळ आणि फंक्शन यांची जोडणी) वेगळं करावं लागतं, आणि तिथे अक्षर लहान लिपीत द्यायचं. मोठं दिलं तर टीके शिफ्टसकट धरतं. तुमच्या खिडकीत ग्राहकाच्या शेऱ्यासाठी टेक्स्टची चौकट आहे, तिथे एक मजा होईल. कर्सर शेऱ्यात असताना कंट्रोल-ओ दाबा: फाईल निवडायची खिडकी तर येईलच, पण शेऱ्यात एक रिकामी ओळही वाढलेली असेल. टेक्स्ट विजेटच्या मुळातल्या बांधणीत कंट्रोल-ओ म्हणजे कर्सरपुढे नवी ओळ. टीके आधी त्या विजेटचं स्वतःचं बाइंड बघतं, मग त्याच्या वर्गाचं, मग खिडकीचं. तुमचं बाइंड खिडकीवर, म्हणजे ओळ टाकून झाल्यावर चालतं. म्हणून टेक्स्टच्या चौकटीवर वेगळं बाइंड करा आणि त्या फंक्शनमधून ‘ब्रेक’ हा शब्द परत द्या. साखळी तिथेच थांबते.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे, आणि ती इंग्रजी धड्यांत सापडणार नाही. कंट्रोल-एसचं बाइंड ‘एस’ या अक्षराला बांधलेलं असतं, कळीला नाही. इनस्क्रिप्ट चालू असताना त्याच कळीवर एकाराची मात्रा असते, मग बाइंडला एस दिसेलच असं नाही. रशियन लेआउट वापरणाऱ्यांची टीकिंटरबद्दल ही जुनी तक्रार आहे. कॅप्स लॉक चालू असतानाही असंच होतं, कारण तेव्हा मोठा एस पोचतो. दुकानात नावं मराठीतच टाइप होणार, तेव्हा इनस्क्रिप्ट चालू ठेवून स्वतः तपासा. चुकलं तर कंट्रोलसकट कुठलीही कळ असं बाइंड करून इव्हेंटमधला की-कोड बघा. विंडोजवर एसच्या कळीचा कोड ८३, लेआउट नेहमीचा इंग्रजी असो की इनस्क्रिप्ट. ऑल्ट दाबून मेन्यू उघडण्यासाठी जो अंडरलाइन पर्याय असतो तो मराठी लेबलांवर लावूच नका. तो एका कोडबिंदूखाली रेघ मारतो, जोडाक्षर काय असतं ते त्याला माहीत नाही. जपानी प्रोग्रॅममध्ये लेबलापुढे कंसात रोमन अक्षर देऊन त्याखाली रेघ असते, तसं ‘फाईल’पुढे एफ देता येईल.

आता गाव. महाराष्ट्रात पालघर झाल्यापासून, म्हणजे २०१४ पासून, ३६ जिल्हे आहेत, तालुके साडेतीनशेच्या वर, गावं चाळीस हजारांच्या वर. मेन्यूतली एक ओळ २२ पिक्सेल धरली तर नुसत्या जिल्ह्यांना ७९२ पिक्सेल लागतात, दुकानातल्या जुन्या मॉनिटरची उंची बहुतेक ७६८ असेल. पहिल्याच पातळीला यादी पडद्याबाहेर. मग ‘अहिल्यानगर’वरून उजवीकडे सरकायचं, तेही बरोबर त्या २२ पिक्सेलांच्या पट्टीतून, खाली-वर न होता, मग तालुक्याच्या पट्टीतून पुन्हा तसंच. जॉनी अकॉट आणि शुमिन झाय यांनी १९९७ मध्ये याचं गणित मांडलं: अरुंद बोगद्यातून माउस न्यायला लागणारा वेळ बोगद्याच्या लांबीबरोबर वाढतो आणि रुंदीबरोबर कमी होतो. कॅस्केड मेन्यू म्हणजे लांब आणि अरुंद बोगद्यांची रांगच. ब्रूस टॉग्नाझिनी यांनी ऐंशीच्या दशकात मॅकच्या मेन्यूंसाठी तिरका माउस चालावा म्हणून पाचरीच्या आकाराची सूट ठेवायला सांगितली होती. विंडोज त्याऐवजी सबमेन्यू उघडायला-मिटायला थोडा वेळ थांबतं, मूळ सेटिंग ४०० मिलिसेकंद. हे सगळे एका पातळीपुरते उपाय आहेत. ॲपलच्या मार्गदर्शक सूचनांतही सबमेन्यू शक्यतो एकाच पातळीचा ठेवा असं म्हटलंय. तीन पातळ्यांचा मेन्यू, हातात खताची पिशवी, समोर घाईत असलेला शेतकरी, आणि माउस एक ओळ चुकून बाजूच्या तालुक्यात. सगळं पहिल्यापासून.

माझा ठोकताळा असा: मेन्यूत क्रियापदं असावीत. ‘उघडा’, ‘जमा करा’, ‘छापा’. माहितीतून एक किंमत निवडायची असेल तर ती फॉर्मवर असावी. तीन पातळ्याच हव्या असतील तर एकमेकांवर अवलंबून असलेले तीन काँबोबॉक्स (खाली यादी उघडणाऱ्या चौकटी): जिल्हा निवडला की तालुक्याची यादी बदलते आणि गाव रिकामं होतं. गाव रिकामं करायला विसरलात तर नोंदीत जिल्हा एक आणि गाव दुसऱ्याच जिल्ह्यातलं, असं जातं. पण मला वाटतं तुम्हाला तेही नको. तुमच्या दुकानात ३६ जिल्ह्यांतून माणसं येत नाहीत. आजूबाजूच्या तीस-चाळीस गावांतलीच येतात. एक साधी चौकट द्या, दोन अक्षरं टाइप केली की खाली त्या अक्षरांनी सुरू होणारी गावं, ज्या गावाचे ग्राहक जास्त ते वर. यादीत नसलेलं गाव आलं तरच जिल्हा-तालुक्याची खिडकी उघडू दे. आणि साठवताना गावाचं नाव नाही, केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला गावाचा कोड साठवा, सोबत तालुका दाखवा. वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणजे करायचा क्रम असा: ऑप्शन-ॲडने टेअर-ऑफ बंद, मेन्यूचं झाड यादीत, एक स्वतःला हाक मारणारं फंक्शन, लूपमधल्या कमांडला पार्शल, गाव मेन्यूतून फॉर्मवर. हे केलंत की बहुतेक मेन्यूचा कोड एका पानात मावेल.

राहिला पायक्यूटीचा प्रश्न. वर सांगितलेलं झाड आणि फंक्शन तिकडेही जसंच्या तसं जातं, फक्त ॲड-कॅस्केडच्या जागी ॲड-मेन्यू, जो नवा मेन्यू परत देतो, म्हणजे तुमची एका ओळीत लिहायची सवय तिथे चालेल. क्यूटीतली क्यू-ॲक्शन ही वस्तू मला टीकेपेक्षा सरस वाटते. ‘वसुली’ ही एक ॲक्शन करायची, तीच मेन्यूत, टूलबारवर आणि उजव्या क्लिकच्या मेन्यूत टाकायची, शॉर्टकटही तिलाच, आणि एकदा बंद केली की सगळीकडे करडी होते. लॅम्डाचा घोळ मात्र तिथेही तोच, तो पायथनचा आहे. तुमचा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालणार असेल तर या एका कारणासाठी सगळं पुन्हा लिहू नका. लिनक्सवरही द्यायचा असेल तर मात्र लिहा, कारण तिथे टीके ८.६ देवनागरीची जोडणी नीट करत नाही, ‘शिल्लक’मधली वेलांटी भलत्या जागी जाते, आणि क्यूटी ते बरोबर करतं. बदललंतच तर पायसाइड ६ घ्या, तीही क्यूटीचीच पायथनसाठीची लायब्ररी आहे. पायक्यूटी जीपीएल (ज्यात प्रोग्रॅम देताना स्वतःचा कोडही खुला द्यावा लागतो) किंवा विकतच्या परवान्यावर मिळतं, पायसाइड त्याहून सैल अशा एलजीपीएलवरही मिळतं, आणि हा प्रोग्रॅम उद्या शेजारच्या दुकानांना विकायचा विचार तुम्ही प्रश्नातच लिहिलाय.